धुळीवर लिहिलेले नाव

विद्यार्थी मित्रहो, धूळ बसलेल्या मोटारीवर बोटाने आपले नाव लिहिण्याचा मोह तुम्हांला कधी झाला आहे का? खरे सांगा हं! मला तर झाला आहे, आणि तुमच्याएवढा असताना तो मी पुरवूनही घेतला आहे. एस.टी.ची मागची काच, ट्रॅक्टरचे मडगार्ड, पाहुण्यांच्या जीपचे दार, जिथे धूळ दिसेल तिथे आमची पाटी तयार. पाहुणे गेले की पाटीही जाई आणि गोष्ट तिथेच संपे.

गेल्या लग्नसराईत मात्र याच खेळापायी आमच्या देवगाव रंगारीत सातवीतल्या एका मुलावर मोठा बाका प्रसंग आला. देवगाव रंगारी हे कन्नड तालुक्यातले माझे गाव. नोकरीनिमित्त मी बाहेर असतो, पण उन्हाळ्याच्या सुटीत गावी येतो. त्या दिवशी गावातल्या एका लग्नासाठी छत्रपती संभाजीनगराहून एक भाड्याची मोटार आली होती. साधीसुधी नव्हे, तर उघड्या टपाची! काळीभोर, दोनच दारांची, आत साईच्या रंगाच्या कातडी बैठका आणि डोक्यावर जाड कापडाचा टप. कळ दाबली की हा टप आपोआप घडी होऊन मागे पेटीत जाऊन बसतो. नवरदेवाची वरात दुसऱ्या दिवशी सकाळी त्यातून निघायची होती.

मोटार पाराजवळ उभी राहिली तेव्हा ती काळी आहे हे सांगावे लागत होते, इतकी धूळ तिच्यावर बसली होती. चालक जेवायला गेला. तेवढ्यात आमच्या या विद्यार्थ्याने बॉनेटवर चांगले वीतभर अक्षरात आपले नाव लिहिले, शेवटच्या अक्षराचा काना जरा जोर देऊनच ओढला आणि मित्रांना दाखवले. चालक परतला. त्याने दारातल्या कप्प्यातून फडके काढून बॉनेट झटकले, पुसले. धूळ गेली, पण नाव गेले नाही! उतरत्या उन्हात ते काळ्या रंगावर बारीक चंदेरी रेघांनी लिहिल्यासारखे दिसत होते.

पुढचे मी सविस्तर सांगत नाही. बॉनेट नव्याने रंगवून घ्यायचा खर्च म्हणून चालकाने जो आकडा सांगितला, तो ऐकून मुलाचे वडील पाराच्या कडेला मटकन बसले. त्यांची कपाशीची थोडी जमीन आहे. मुलगा रडत होता, पण एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता, “मी गाडीवर नाही लिहिलं. मी धुळीवर लिहिलं!”

मित्रहो, त्याचे म्हणणे खोटे नव्हते. त्याचे बोट रंगाला लागलेही नसेल. मग रंगावर रेघ उठली कशी?

एका कणाचा दाब

नखाने काचेवर रेघ उठत नाही, पण गारगोटीने उठते. जो पदार्थ दुसऱ्यावर ओरखडा काढतो तो त्याच्यापेक्षा कठीण, असे मानून खनिजांचा एक क्रम लावलेला आहे. त्याला मोहचे काठिण्यमान म्हणतात. त्यात सर्वांत मऊ शंखजिरे, त्याचे काठिण्य १, आणि सर्वांत कठीण हिरा, त्याचे १०. आपले नख साधारण अडीच, खिडकीची काच साडेपाच आणि गारगोटी, म्हणजेच क्वार्ट्झ, ७. आपल्या मराठवाड्याचा काळा पाषाण ज्या खनिजांचा बनला आहे त्यांचे काठिण्य साडेपाच ते सहाच्या घरात असते, आणि त्याच्या पोकळ्यांमध्ये गारगोट्याही सापडतात. रस्त्यावरची धूळ म्हणजे याच सगळ्याचे पीठ. त्यात बांधकामाच्या वाळूची भर पडते ती वेगळीच.

आता थोडे गणित करू. बोट हलकेच दाबले तर सुमारे १ न्यूटन बल लागते, म्हणजे १०० ग्रॅम वजनाइतके. ते बल बोटाच्या पेरावर पसरलेले असते तोवर काही बिघडत नाही. पण बोटाखाली धूळ असली, तर ते बल कणांच्या टोकांवर येते. समजा, दहा कणांनी तो भार उचलला आणि प्रत्येक कणाचे टोक १० मायक्रोमीटर लांब व १० मायक्रोमीटर रुंद आहे. (मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.) दहा टोकांचे एकूण क्षेत्रफळ भरते एका चौरस मीटरचा अब्जावा भाग. बल भागिले क्षेत्रफळ म्हणजे दाब. तो येतो १ अब्ज पास्कल! वातावरणाच्या दाबाच्या सुमारे दहा हजार पट! एवढ्या दाबापुढे रंगाचा काय पाड?

म्हणजे मुलाने लिहिले धुळीवरच, पण धुळीने ते पुढे रंगावर लिहिले. खडू त्याच्या हातात नव्हता, तो बोटाखाली होता.

माझा एक जुना विद्यार्थी गावाबाहेर वॉशिंग सेंटर चालवतो. तो बी.एस्सी. झालेला आहे, आणि मोटारी आतून-बाहेरून निगुतीने साफ करण्याचे, ज्याला त्या धंद्यात डिटेलिंग म्हणतात, काम शहरात काही वर्षे शिकून आला आहे. तुम्हांला वाटेल, शहरात तरी असे काम किती मिळणार? तर ऐका. २०१० सालच्या ऑक्टोबरात तेव्हाच्या औरंगाबादेतल्या लोकांनी एकत्र येऊन एकाच वेळी १५० मर्सिडीज मोटारी घेतल्या होत्या. तो सौदा सुमारे ६५ कोटी रुपयांचा होता, आणि त्याची बातमी देशभर झाली होती. असल्या गाड्या आल्या म्हणजे त्या राखणारेही लागतात. गावात मात्र माझ्या विद्यार्थ्याच्या वाट्याला ट्रॅक्टर आणि मोटारसायकलीच येतात. गलका ऐकून तो आला, बॉनेटवर वाकला, अक्षरांवरून नख आडवे फिरवले आणि म्हणाला, “सर, नख अडकत नाही. एका ठिकाणी जरासं लागतंय. गाडी माझ्याकडे न्या. सकाळपर्यंत वेळ आहे.”

नख अडकत नाही, याला एवढे महत्त्व का? मोटारीचा रंग म्हणजे एकच थर नसतो. पत्र्यावर प्रथम गंज रोखणारा थर, त्यावर प्राथमिक रंगाचा अस्तर, त्यावर खरा रंग आणि सर्वांत वर एक पारदर्शक लेप. या सगळ्यांची मिळून जाडी साधारण १०० ते १३० मायक्रोमीटर असते. आपला केस ७० च्या आसपास असतो, म्हणजे दोन केसांइतकाही हा रंग जाड नाही. त्यातला पारदर्शक लेप ४० ते ५० मायक्रोमीटरचा. गंमत अशी, की ज्याला आपण ‘गाडीचा रंग’ म्हणतो तो थर सर्वांत पातळ असून त्याला आपले बोट कधी लागतच नाही. आपण हात लावतो तो या पारदर्शक लेपाला. त्यातच उन्हातले अतिनील किरण शोषणारी द्रव्ये असतात. नख अडकले नाही, म्हणजे ओरखडा उथळ आहे, लेपातच आहे. तो बरा होण्याची आशा आहे.

आधी पाणी, मग हात

चालक कुरकुरत का होईना, पण तयार झाला. मुलगा आणि त्याचे वडीलही आमच्यामागून आले. सेंटरवर पोचताच मुलाने पुढे होऊन स्पंज उचलला, बिचाऱ्याला भरपाई करायची घाई झाली होती. माझ्या विद्यार्थ्याने तो काढून घेतला. “हात शेवटी लावायचा,” तो म्हणाला.

त्याने पंपाने पाण्याची मोकळी फवारणी करून सुटी धूळ वाहून जाऊ दिली. मग साबणाचा दाट फेस सगळ्या मोटारीवर मारला आणि काही मिनिटे नुसता थांबला. आपल्याकडची काळी माती पाणी पिऊन फुगते. उन्हाळ्यात रानाला भेगा पडतात आणि पहिल्या पावसात त्या मिटतात त्या याचमुळे. “मग ती आपोआप उखडल का?” मुलाने रडे विसरून विचारले. उखडते! फुगलेल्या मातीची पत्र्यावरची पकड सैल होते, आणि साबणाचे रेणू पाण्याचा पृष्ठताण कमी करून त्याला कणाच्या खाली शिरू देतात. कण पाण्यावर घसरत जातो, रंगावर नांगर ओढत नाही.

एवढे झाल्यावर मग हाताने धुणे, तेही दोन बादल्या घेऊन. एकीत साबणाचे पाणी, दुसरीत साधे. हातमोजा मोटारीवरून फिरला, की आधी साध्या पाण्यात बुचकळायचा आणि मगच साबणात. हा सोवळेपणा कशासाठी? पाण्यात धुळीचा कण किती वेगाने खाली बसतो हे त्याच्या आकारावर अवलंबून असते. कण दहापट मोठा असेल, तर वेग जवळजवळ शंभरपट होतो. मिलिमीटरच्या दशांशाएवढा वाळूचा कण पाव मीटर खोल बादलीत अर्ध्या मिनिटात तळ गाठतो. दहा मायक्रोमीटरच्या बारीक कणाला त्याच बादलीत पाऊण तास लागतो. म्हणजे जे खरे ओरखडे काढणारे, ते तळाशी लवकर जातात. फक्त हात तळापर्यंत घालून त्यांना पुन्हा वर आणायचे नाही. म्हणून बादलीच्या तळाशी जाळी बसवलेली असते. घरी काचेच्या उंच पेल्यात मूठभर माती ढवळून हा प्रयोग करून पाहा. खाली रेती, वर गाळ आणि त्याच्याही वर दुसऱ्या दिवसापर्यंत गढूळ राहणारे पाणी.

शेवटचे धुणे त्याने बोअरच्या पाण्याने केले नाही. आमच्याकडे बोअरचे पाणी क्षारांचे. मोटारीवर थेंब वाळला, की पाणी उडून जाते आणि कॅल्शियमचे क्षार मागे राहतात, तेही थेंबाच्या कडेला कड्यासारखे. चहाचा थेंब वाळल्यावर डाग मध्ये फिका आणि कडेला गडद होतो, ते आठवा. थेंबाची कड जागची हलत नाही, तिथले पाणी लवकर उडते, ती तूट भरायला मधले पाणी कडेकडे धावते आणि सोबत सगळा माल घेऊन जाते. तेव्हा लग्नघरी आलेल्या गार पाण्याच्या जारांपैकी दोन जार मागवून घेतले आणि त्या शुद्ध केलेल्या पाण्याने मोटारीला शेवटची आंघोळ घातली. पाहुण्यांच्या आधी गाडीने पाणी प्यायले, म्हणून वरमाय रागावल्याचे नंतर कळले!

वर्तुळे कुठून आली?

आता अंधार पडला होता. मऊ, तंतुदार फडक्याने मोटार टिपून कोरडी केली (पुसून नव्हे, टिपून) आणि माझ्या विद्यार्थ्याने हातातली विजेरी बॉनेटवर धरली. आम्ही सगळेच वाकलो. नाव होतेच. पण नावाभोवती, नावाखाली, नावावर, साऱ्या बॉनेटभर कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक रेघांची वर्तुळे चमकत होती. विजेरी हलवली, की वर्तुळांचे जाळेही तिच्याबरोबर हलत होते.

“हे पण त्यानंच केलं?” चालक म्हणाला. मुलगा दोन पावले मागे सरला.

येथे मला बोलणे भाग पडले. मी मुलाला हॉटेलातून चहाच्या पातेल्यावरचे स्टीलचे जुने झाकण आणायला सांगितले. त्यावर विजेरी धरली. तीच वर्तुळे! तुम्हीही हे आज रात्री करून पाहा. रोज घासलेला स्टीलचा डबा किंवा झाकण घ्या, अंधाऱ्या खोलीत त्यावर एकच दिवा पडू द्या. दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती वर्तुळे दिसतील. झाकण थोडे सरकवा. वर्तुळांचे केंद्र झाकणाबरोबर जात नाही, ते प्रतिबिंबालाच चिकटून राहते! म्हणजे वर्तुळे झाकणावर कोरलेली नाहीत.

खरे असे असते, की झाकणावर ओरखडे सगळ्या दिशांना असतात, उभे, आडवे, तिरपे. प्रत्येक ओरखडा म्हणजे जणू एक बारीक चकचकीत तार. तार आपल्या लांबीला आडवा असा पंख्यासारखा प्रकाश फेकते. त्यामुळे प्रतिबिंबाच्या भोवती जे ओरखडे योगायोगाने वर्तुळाच्या परिघाच्या दिशेने पडले आहेत, तेवढ्यांचाच प्रकाश आपल्या डोळ्यांत येतो. बाकीचेही तिथेच असतात, पण त्यांचा प्रकाश दुसरीकडे जातो. रात्री रस्त्यावरच्या दिव्यासमोर निष्पर्ण झाड असेल, तर त्याच्या फांद्या दिव्याभोवती गोल विणल्यासारख्या दिसतात, तेही याच कारणाने.

मुलाच्या नावाचेही तसेच होते. सूर्याकडे तोंड करून पाहिले, की पाहणाऱ्याच्या डावीकडून उजवीकडे गेलेल्या रेघा चमकत आणि त्याच्यापासून सूर्याकडे गेलेल्या लपत. समोरून शिरोरेषा दिसे, तर बाजूने काने दिसत. पण ही हजारो वर्तुळे मुलाच्या बोटाची नव्हती. ती कोरड्या फडक्याची होती, दारातल्या कप्प्यात राहणाऱ्या आणि रोज सकाळी धूळ ‘झटकणाऱ्या’ फडक्याची. फडक्याने धूळ पुसणे म्हणजे शंभर बोटांनी एकदम लिहिणे. शिवाय कोरडे फडके घासल्याने पृष्ठभागावर विद्युत्प्रभार येतो आणि तो नवी धूळ ओढून घेतो, ही आणखी एक गंमत.

चालक काही बोलला नाही. त्याने ते फडके काढले, उलटसुलट करून पाहिले आणि कोपऱ्यातल्या कचऱ्याच्या डब्यात टाकले. यानंतर भरपाईचा शब्द त्याच्या तोंडून निघाला नाही. खरे म्हणजे त्यालाही हे कोणी सांगितले नव्हते. मला तो माणूस वाईट वाटला नाही. मालकाच्या मोटारीवर ओरखडा दिसला असता, तर त्याच्याच पगारातून पैसे कापले गेले असते.

तुम्ही विचाराल, हे ओरखडे काळ्या मोटारीवरच एवढे का दिसतात? लेपाच्या पृष्ठभागावरून, सरळ पडलेल्या प्रकाशापैकी जेमतेम ४ टक्केच परावर्तित होतो. उरलेला आत जातो. पांढऱ्या मोटारीत तो आतल्या रंगावर आपटून सगळ्या दिशांना परत येतो, आणि त्या उजेडात ओरखड्याचा उजेड हरवतो. काळा रंग आत गेलेला प्रकाश गिळूनच टाकतो. मागे अंधार, म्हणून पुढची बारीक रेघही स्पष्ट दिसते. दिवसा तारे दिसत नाहीत आणि रात्री दिसतात, तसेच.

चकाकी म्हणजे काय?

पॉलिश करणे म्हणजे वरून काहीतरी चकचकीत फासणे, असे पुष्कळांना वाटते. तसे फासताही येते. ओरखड्यावर तेल चोळा, तेल त्या चरात भरते, प्रकाश कमी विखुरतो आणि मोटार चमकते. दोन धुण्यांत तेल जाते आणि ओरखडे परत हजर! हा उपाय चालकाला ठाऊक होता. तो म्हणाला, “जरा पॉलिश मारा अन् द्या.” माझ्या विद्यार्थ्याने नकार दिला.

खरी चकाकी पृष्ठभागाच्या सपाटपणात असते. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी ०.४ ते ०.७ मायक्रोमीटर. पृष्ठभागावरचे उंचवटे त्यापेक्षा बरेच लहान असतील, तर तो प्रकाशाला सपाट ‘वाटतो’ आणि नियमित परावर्तन होते, आपला चेहरा दिसतो. उंचवटे मोठे असतील, तर प्रकाश विखुरतो. तेव्हा चर भरायचा नसतो, चराच्या काठांची जमीन खाली आणायची असते! त्यासाठी ॲल्युमिनाची अतिबारीक पूड असलेले मलम फोमच्या चकतीवर घेऊन यंत्राने फिरवतात. म्हणजे पॉलिश हासुद्धा ओरखडाच, फक्त इतका बारीक की प्रकाशाला तो कळत नाही. न्यूटनने दुर्बिणीसाठी धातूचे आरसे स्वतः घासून गुळगुळीत केले होते, आणि १७०४ सालच्या ‘ऑप्टिक्स’ या ग्रंथात त्याने हेच सांगितले आहे, की घासण्याने खडबडीतपणा नाहीसा होत नाही, तो दिसेनासा होण्याइतका बारीक होतो. तुमच्या आजीने राखेने घासलेला तांब्या आठवा; राख बारीक चाळलेली असली, तर तांब्या जास्त लखलखे.

पण यातली मेख लक्षात आली का? प्रत्येक पॉलिशला लेप थोडा झिजतो, एक-दोन मायक्रोमीटर. पन्नासातून दोन गेले तर बिघडत नाही. दरवर्षी, दर लग्नाला असे करत गेलो, तर एक दिवस लेप इतका पातळ होईल, की ऊन सरळ रंगाला खाईल. जमाखर्चाच्या वहीत फक्त खर्चाचेच पान असावे, तसा हा लेप आहे. म्हणून माझ्या विद्यार्थ्याने आधी जाडी मोजणारे लहानसे यंत्र बॉनेटवर टेकवले. ते चुंबकीय प्रेरणेवर चालते. पत्रा जितका दूर, म्हणजे रंग जितका जाड, तितका त्याचा परिणाम क्षीण. आकडा आला ११४. मूळचाच रंग, पुन्हा रंगवलेला नाही, हे त्यावरून कळले. मग बॉनेटच्या एका कोपऱ्यात वीतभर जागा घासून पाहिली, सर्वांत सौम्य मलमाने. जमले. मग दीड-दोन तास यंत्र फिरत होते. घर्षणाने लेप तापून मऊ पडू नये म्हणून ते एका जागी थांबवायचे नसते, आणि तो दर थोड्या वेळाने हाताची पाठ लावून पाहत होता.

नंतरचा आकडा ११२. “दोन गेले,” तो म्हणाला. मी त्याला आठवण दिली, की यंत्राची चूकच एक-दोन मायक्रोमीटरची असते, तेव्हा दोनच गेले असे छातीठोक म्हणता येणार नाही. तो हसला. प्रॅक्टिकलच्या वहीत मी त्याचे गुण याच कारणाने कापले होते.

विजेरी धरली. वर्तुळे जवळजवळ सगळी गेली होती. नावही गेले होते, एक शेवटच्या अक्षराचा काना सोडून. तिथे बोट जोरात दाबले गेले होते. तो काढायचा तर आणखी बरेच घासावे लागले असते. तो म्हणाला, “राहू दे. काढला तर लेप जाईल, ठेवला तर कुणाला दिसणारही नाही.” चालकाने बराच वेळ पाहिले आणि मान हलवली.

टप आणि आतली बाजू

उघड्या टपाच्या मोटारीचे खरे कौतुक तिच्या टपात आहे, आणि खरी काळजीही. बाहेर दाट विणीचे कापड, मध्ये रबराचा थर आणि आत अस्तर, अशा तीन थरांचा हा टप असतो. चाके झटपट आटोपून (ब्रेकच्या झिजेची काळी पूड लोखंडाची असते, चुंबक फिरवून पाहा) आम्ही टपाकडे वळलो.

कापडाला भोके असतात, मग छत्रीतून पाणी का गळत नाही? धाग्यांवर पाणी न भिजवणारा लेप असतो, त्यामुळे पाण्याचा पृष्ठताण भोकांवर ताणलेल्या पडद्यासारखे काम करतो आणि थेंब घरंगळून जातो. आता त्याच छत्रीवर साबणाचे पाणी टाका. पृष्ठताण घटतो आणि पाणी कापडात शिरते. म्हणून टप धुताना साबण अगदी थोडा, मऊ ब्रश विणीच्याच दिशेने, आणि नंतर साबणाचा अंश उरणार नाही इतके खळबळून पाणी. पंपाचा जोरदार झोत कापडावर मारायचा नाही, त्याने लेप उडतो आणि शिवणी उसवतात. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ओला टप घडी करायचा नाही. अंधार, ओल आणि ऊब मिळाली की बुरशी आलीच. मे महिन्याच्या रात्रीचा आमच्याकडचा कोरडा वारा या कामी आला. मराठवाड्याच्या हवेचा असा उपयोग मी प्रथमच पाहिला.

टप वाळेपर्यंत चहा झाला, आणि मुलाने विचारले, “सर, अशी गाडी जुन्या काळी होती का?” होती तर! कोल्हापूरच्या छत्रपतींच्या घराण्यात १९३०च्या दशकात जर्मनीत बनलेली उघडी मेबॅक मोटार आहे. दसऱ्याच्या दिवशी छत्रपती तिच्यातून दसरा चौकात येतात आणि ती पाहायला हजारो लोक जमतात. मेबॅक कंपनी झेपेलिन या प्रचंड हवाई जहाजांची इंजिने बनवत असे. आज ते नाव मर्सिडीजच्या सर्वांत भारी मोटारींना दिलेले असते. त्या काळच्या मोटारींच्या रंगावर वेगळा पारदर्शक लेप नसे. पॉलिश करताना फडक्याला मोटारीचा रंगच लागे, आणि घासणाऱ्याला आपण काय घालवतो आहोत ते डोळ्यांनी दिसे! आजचा लेप झिजतो तो रंगहीन, म्हणून कळत नाही. नव्वद वर्षांच्या आसपासची मोटार दसऱ्याच्या उन्हात झळकते, तेव्हा किती जणांनी किती हलक्या हाताने ती पुसली असेल, याचा विचार करा.

आतली बाजू लवकर आटोपली. आधी धूळ ओढून घेतली, कारण कातड्यावर धूळ चोळणे हे बॉनेटवर लिहिण्यासारखेच. चालकाला बैठकांवर खोबरेल हवे होते. पण आजच्या मोटारींच्या कातड्यावर प्लॅस्टिकचा पातळ लेप असतो, तेल आत मुरत नाही, वर राहते आणि धूळ धरते, शिवाय नवरीच्या शालूला लागते! ओलसर फडके आणि सौम्य साबण एवढेच पुरे झाले. समोरच्या काचेखालचा भाग, डॅशबोर्ड, चकचकीत करून द्या, असाही आग्रह होता. त्याला मीच आडवा आलो. तो भाग मुद्दाम मंद ठेवलेला असतो. तो चमकला, की त्याचे प्रतिबिंब समोरच्या काचेत पडते आणि नेमक्या उन्हाच्या वेळी चालकाला रस्त्याऐवजी ते दिसते. सगळीकडे चकाकी चांगली असे नाही.

शेवटी बैठकांवर पांढऱ्या चादरी टाकल्या. उघड्या मोटारीत मे महिन्याचे ऊन सरळ बैठकीवर येते. बंद मोटारीतही डॅशबोर्ड ७० अंश सेल्सिअसच्या आसपास तापू शकतो. त्यातही पट्ट्याच्या धातूच्या कडीला हात लावू नका, असे नवरदेवाला बजावले. कडी आणि कातडे एकाच तापमानाला असले, तरी धातू आपली उष्णता हाताला भराभर देतो आणि चटका बसतो.

पहाटे ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांपासून मिळणाऱ्या मेणाचा पातळ हात बॉनेटवर फिरवला. त्यावर माझ्या विद्यार्थ्याने पाण्याचे चार थेंब शिंपडून दाखवले. ते मोत्यांसारखे गोल होऊन ओघळले. मुलगा रात्रभर जागा होता. पैसे किती, असे त्याच्या वडिलांनी विचारले, तेव्हा पुढचे दोन रविवार याला बादल्या उचलायला पाठवा, असे उत्तर मिळाले.

वरात निघाली. टप घडी होऊन मागे गेला तेव्हा बायकांनी तोंडाला पदर लावले. ताशा वाजत होता, आणि मारुतीच्या देवळापर्यंत पोचता पोचता त्या काळ्या बॉनेटवर पुन्हा धुळीचा पातळ थर बसला. आमचा सातवीतला विद्यार्थी मोटारीच्या अगदी बाजूने चालत होता, दोन्ही हात खिशात घालून. एक लहान पोरगा बोट पुढे करून बॉनेटकडे आला, तेव्हा त्याने खिशातून एकच हात काढला आणि त्याचे मनगट धरले.